ओळखा पाहू हा मासा! पण थट्टा आधी की उत्तर आधी?

सांजगरी:
परवा आपल्या गरीवाल्यांच्या गटावर एका नवख्याने फोटो टाकला. तिन्हीसांजेचा अंधुक उजेड, मासा मुठीत, अर्धं डोकं बोटांखाली. "हा कोणता? खातात का?" एवढंच विचारलं होतं बिचाऱ्याने. खाली उत्तरांचा पाऊस. एक म्हणाला, 'घटस्फोटित पापलेट'. दुसरा म्हणाला, "हा अधिक मासा. तीन वर्षांतून एकदा येतो, फक्त जावयाला वाढतात, आणि गरीला आमिष म्हणून 33 अनारसे लावावे लागतात." हसलो मीही. पण फोटो मोठा करून पाहिला तर खवले नाहीत, दात पोपटाच्या चोचीसारखे, पोट टम्म. सरळसरळ केंड! त्याचं विष शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा औषधही नाही. माझं म्हणणं इतकंच की आधी खरं उत्तर द्या, मग घाला काय गोंधळ घालायचा तो.

बोयवाला:
साफ अमान्य. भरतीची वाट बघत खडकावर ताटकळणारा माणूस थापा नाही मारणार तर काय जप करणार? आणि 'अधिक मासा' वाचून कोणी कढई चढवली असेल असं वाटतं का तुम्हाला? घात करतो तो गंभीर चेहऱ्याचा शहाणा. "तांबोशीचं पिल्लू आहे, बिनधास्त खा" असं छातीठोक सांगणारा. त्याला आधी धरा.

मालवणी माणूस:
केंड गावलो तर फोटो कसले काढतास? गरी सोडवची आणि पाण्यात उडवचो. तंगूस (गरीची दोरी) तोडून नाय गेलो ह्याच नशीब.

पुणेरी गळ:
गंभीर चेहऱ्याने मारलेली थापच जास्त पोचते, हा मुद्दा बरोबर. 1818 सालची गोष्ट. पक्ष्यांची चित्रं काढणारा ऑदुबॉन तेव्हा अमेरिकेत केंटकीतल्या हेंडरसन गावी राहत होता. त्याच्याकडे राफिनेस्क नावाचा निसर्गअभ्यासक पाहुणा आला. रात्री खोलीत वटवाघळं शिरली, तर या गृहस्थांनी यजमानाचं व्हायोलिन उचलून त्यांच्यावर चालवलं आणि मोडून ठेवलं (हे ऑदुबॉननेच लिहिलंय, म्हणजे थोडं मीठ गृहीत धरा). ऑदुबॉनने मग त्याला ओहायो नदीतले मनाचेच मासे रंगवून सांगितले. एकाचे खवले म्हणे इतके कडक, की बंदुकीची गोळी लागत नाही! राफिनेस्कने तो मासा 1820 च्या आपल्या पुस्तकात चक्क छापला. थट्टा करणारा हसून मोकळा झाला, नाव मात्र राफिनेस्कचं गेलं.

खाडीपलीकडचा:
त्याहून भारी ऑस्ट्रेलियातली. 1872 मध्ये क्वीन्सलँडमधल्या गेंडा गावी ब्रिस्बेनच्या संग्रहालयाचे कार्ल स्टायगर नाश्त्याला बसले. पुढ्यात कधी न पाहिलेला मासा. त्यांनी त्याचं चित्र काढून घेतलं आणि मासा खाऊन टाकला! नमुना पोटात, शास्त्रज्ञाच्या हाती नुसता कागद. त्या कागदावरून कास्टेलनाऊ नावाच्या मासेतज्ज्ञाने 1879 मध्ये 'ओम्पॅक्स स्पॅट्युलॉइड्स' असं भारदस्त नाव दिलं. पुढे कळलं ते असं: थट्टा म्हणून जोडलेला मासा तो! बोयचं धड, वामेची शेपटी, पुढे प्लॅटिपसची चोच. वाचा फुटेपर्यंत 1930 उजाडलं. बोयवाले, तुमच्या आवडत्या माशाचा केवढा हा मान! आता सांगा, यात नुकसान कोणाचं झालं? स्टायगरना तर ढेकरही आली असेल. मी थट्टेच्या बाजूने.

सांजगरी:
स्टायगरांच्या ताटात केंडाचा तुकडा जोडलेला असता तर? दोन्ही किस्से माझीच बाजू मांडतायत. मासा समोर नाही, नुसतं चित्र आणि वर्णन. आपलंही तेच, फक्त चित्राच्या जागी मोबाईलचा फोटो. आणि प्रश्न एकट्या केंडाचा नाही. शिंगाळ्याचा काटा घुसला किंवा पाकटाचा लागला, की ठणका ब्रह्मांड दाखवतो. अशा वेळी सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा, हे सांगणारी ओळ थट्टेच्या ढिगाऱ्यात सापडायला नको का?

पुणेरी गळ:
फोटो नीट टाका म्हणावं आधी. मासा आडवा, पर पसरलेले, तोंड स्पष्ट, शेजारी मापाला काडेपेटी. मुठीत आवळलेल्या माशाला कोणीही पापलेटच म्हणणार.

बोयवाला:
नवख्यावर नियम लादू नका हो, तो परत यायचा नाही. आणि सांजगरी, एक गोष्ट तुम्ही सोयीस्कर विसरताय. "केंड आहे, टाकून द्या" असं पहिल्याच ओळीत आलं असतं, तर चर्चेचा धागा तिथेच तळाला गेला असता. त्या अनारशांमुळे लोक जमले, धागा वर राहिला, म्हणून तर तुमची नजर पडली.

सांजगरी:
आणि नजर पडेपर्यंत त्याने तो तळला असता तर?

बोयवाला:
तर चूक "खातात का" हे मासा मेल्यावर विचारण्याची. ओळखत नाही तो मासा सोडायचा, हे गरी हातात देतानाच शिकवायला हवं. मी आजही आधी थट्टाच करणार.

मालवणी माणूस:
करा, पण 33 अनारसे परवडाचे नाय. कोळंबी लावा.