अमेरिकेत अडलेला कायदा आपल्याकडे कोणत्या दाराने आला?

जुनीपाने

१८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडियाने चोवीस तास आपली पाने झाकून ठेवली, तेव्हा मी विद्यार्थी होतो आणि हातातला निबंध अडल्याची चिडचिड सोडली तर त्या निषेधाचे मला फारसे काही वाटले नव्हते. अमेरिकी काँग्रेससमोरची ‘सोपा’ आणि ‘पिपा’ ही विधेयके चोरीचा मजकूर पुरवणाऱ्या परदेशी संकेतस्थळांची वाट अडवू पाहत होती. दोनच दिवसांत सिनेटमधले मतदान पुढे ढकलले गेले आणि दोन्ही विधेयके बासनात गेली. माझा प्रश्न मात्र इथला आहे. ऑगस्ट २०१७मध्ये मी इंटरनेट आर्काइव्ह या जुनी पुस्तके-मासिके जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर एका जुन्या मराठी मासिकाचे अंक वाचत होतो. एके सकाळी ते उघडेना. त्याजागी दूरसंचार विभागाच्या निर्देशानुसार हा पत्ता बंद केला आहे, एवढाच मजकूर आला. कोणाच्या तक्रारीवरून, किती काळ, दाद कोठे मागायची, काहीच नाही. आपल्या संसदेने ‘सोपा’सारखे काही मंजूर केलेले नसताना हा अधिकार आला कुठून?

तळटीप

मजकुरावर नाव सरकारी खात्याचे असले, तरी आदेश मद्रास उच्च न्यायालयाचा होता. हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांनी २६००हून अधिक संकेतस्थळांची यादी दिली होती आणि त्या यादीत आर्काइव्हही जाऊन बसले होते. प्रतिवादी कोण हे ठाऊक नसतानाही दावा लावता येतो; इंग्रजी परंपरेत त्याला ‘जॉन डो’ म्हणतात, आपल्या न्यायालयांत ‘अशोक कुमार’. २००२मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विश्वचषक फुटबॉलचे प्रक्षेपण चोरणाऱ्या केबलचालकांविरुद्ध असा आदेश दिला, तेव्हा निदान न्यायालयाने नेमलेला माणूस केबलवाल्याच्या दारात जाऊन उभा राहत असे. इंटरनेटवर दारच नाही. अशोक कुमार हजर होत नाही, सेवा पुरवणाऱ्या कंपनीला भांडण्यात स्वारस्य नसते आणि वाचकाला तर दावा लागल्याचीही खबर नसते; त्यामुळे निर्मात्याची यादी तपासणारा तिथे कोणीच उरत नाही.

अपवाद मुंबई उच्च न्यायालयाचा. २०१६मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट संकेतस्थळे बंद करण्यास नकार दिला, प्रत्येक दुवा पडताळून शपथेवर द्या असे निर्मात्यांना सांगितले आणि बंद पानावर कायद्याचे कलम, दाव्याचा तपशील व दाद मागण्याची वाट लिहावी असा आग्रह धरला. म्हणजे आपल्याला २०१७मध्ये जे दिसले नाही, नेमके तेच. २०१६च्याच सुमारास बंद पानांवर असा इशारा झळकू लागला की नुसते पाहिले तरी तीन वर्षांची कैद होईल. त्यावरही पटेल यांनीच खुलासा केला की गुन्हा पाहण्यात नाही, तर वितरण, जाहीर प्रदर्शन किंवा विक्री-भाड्याने देण्यात आहे. इशाऱ्याने घाबरलेल्या किती जणांपर्यंत हा खुलासा पोचला असेल, कोण जाणे.

तारायंत्री

तळटीप यांच्या म्हणण्याला तांत्रिक बाजूने जोड देतो. मी एका इंटरनेट सेवा कंपनीत अशा याद्या लावण्याचेच काम केले आहे. यादी संध्याकाळी येते, सकाळपर्यंत अंमल हवा असतो आणि पत्ते वाचत बसायला कोणाला सवड नसते. न्यायालयाने नेमका दुवा बंद करा म्हटले तरी, संकेतस्थळ एचटीटीपीएसवर, म्हणजे सांकेतिक (एन्क्रिप्टेड) जोडणीवर असेल तर आम्हांला फक्त दारावरची पाटी दिसते, आतल्या खोल्या दिसत नाहीत. मग एका चित्रपटासाठी अख्खे घर कुलूपबंद होते. पत्त्याचा शोधच चुकवायचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस यंत्रणेत हात घालायचा, ही ‘सोपा’तली सर्वांत वादग्रस्त तरतूद होती आणि विधेयकाचे जनक लमार स्मिथ यांनी ती विकिपीडियाच्या निषेधाआधीच वगळण्याची तयारी दाखवली होती. आमच्याकडे ते रोजचे काम आहे.

शुक्रवारचा\_खेळ

वाचकांच्या गैरसोयीबद्दल सहानुभूती आहे, पण मी मराठी चित्रपटांचे संकलन करतो आणि दुसरी बाजू मांडणे भाग आहे. आमच्या एका चित्रपटाची प्रत शुक्रवारी प्रदर्शन झाल्यावर शनिवारी दुपारी टेलिग्रामवर होती. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात पुढच्या रांगेतल्या माणसाचे डोके हलताना दिसत होते. मराठी चित्रपटाची कमाई पहिल्या तीन दिवसांत होते, नंतर पडदे हिंदीला जातात. एकेक दुवा शपथेवर द्यायचा, तर रविवारचा रात्रीचा खेळ संपलेला असतो.

जुनीपाने

आपली अडचण मला मान्य आहे, शुक्रवारचा\_खेळ. पण मग पटेल यांची पद्धत मागे पडली, असेच म्हणायचे का?

तळटीप

बऱ्याच अंशी, होय. १० एप्रिल २०१९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने बहुतांशी चोरीवरच चालणाऱ्या संकेतस्थळांना संपूर्ण बंद करण्यास मान्यता दिली आणि त्यांची नवी प्रतिरूपे निघाली की नवा दावा न लावता सहनिबंधकांकडे अर्ज करून ती यादीत घालण्याची सोय केली. २०२३मध्ये त्याच न्यायालयाने हे संरक्षण भविष्यात तयार होणाऱ्या कलाकृतींनाही दिले. त्याच वर्षी संसदेने चलचित्र अधिनियमात दुरुस्ती केली: चित्रपटगृहात चोरून चित्रण केल्यास तीन महिने ते तीन वर्षे कैद, आणि दंड तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. त्यानंतर सरकारने नेमलेले अधिकारी तक्रारीवरून ४८ तासांत मजकूर हटवण्यास सांगू शकतात, म्हणजे न्यायालयाची पायरीही गाळता येते.

शुक्रवारचा\_खेळ यांना घाई हवी, हे रास्तच आहे. माझी हरकत एवढीच की २०१६च्या त्या पाटीला, जिच्यावर दावा कोणता आणि दाद कोठे हे लिहायचे होते, वेळ लागत नव्हता. ती एकदा तयार केली की प्रत्येक यादीला लावता आली असती.

तारायंत्री

आली असती. एचटीटीपीएसवर ती वाचकापर्यंत पोचवणे कठीण होते, तिथे पान नुसतेच अडकते. पण साध्या एचटीटीपीच्या पत्त्यांवर आम्ही जो मजकूर दाखवत होतो, त्यात दाव्याचा क्रमांक घालायचा तर तो आमच्याकडे आलेल्या कागदावर असायला हवा होता. आमच्याकडे फक्त पत्त्यांची यादी येत असे.