शुक्रासाठी ‘सायथेरियन’ हे विशेषण कसे आले?

प्रश्न
ग्रहविज्ञानावरच्या १९६०च्या दशकातील इंग्रजी लेखांत शुक्राच्या वातावरणासाठी ‘सायथेरियन’ असे विशेषण आढळते. मंगळाचे ‘मार्शियन’ आणि गुरूचे ‘जोव्हियन’ समजण्यासारखे आहे. परंतु ‘व्हीनस’पासून हे रूप कसे सिद्ध होते?

प्रतिसाद १
ते ‘व्हीनस’पासून सिद्ध होतच नाही. लॅटिनमध्ये प्रत्यय लावताना बहुधा षष्ठीचे अंग धरतात. ज्युपिटरची षष्ठी ‘जोविस’, म्हणून ‘जोव्हियन’. त्याच न्यायाने व्हीनसची षष्ठी ‘वेनेरिस’ आणि तिच्यापासून ‘व्हेनीरियल’. मात्र ही प्रेमदेवता असल्यामुळे तो शब्द वैद्यकाने गुप्तरोगांसाठी कितीतरी आधीच बळकावला होता, आणि शोधनिबंधात ‘व्हेनीरियल वातावरण’ लिहिण्यास खगोलशास्त्रज्ञ धजावेनात, हे साहजिकच म्हणावे लागेल. तिची ग्रीक जोडीदारीण अफ्रोडाइटी हिचे नावही उपयोगाचे नव्हते, कारण त्यापासून झालेला शब्द कामोत्तेजक द्रव्यांना चिकटला होता. उरले तिचे उपनाम. समुद्राच्या फेसातून जन्मलेली ही देवता सायप्रसला पोहोचण्यापूर्वी किथिरा बेटाजवळ आली, असे प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या ‘थिऑगनी’ या काव्यात आहे, ग्रीसमधील पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडील या बेटावरून ती ‘किथेरिया’ झाली आणि इंग्रजी उच्चाराच्या वळणाने विशेषण झाले ‘सायथेरियन’.

प्रतिसाद २
रशियन भाषेने ही अडचण प्रत्यय बदलून सोडवली. तेथे ग्रहाचे नावच ‘वेनेरा’ आहे (१९७० मध्ये शुक्रावर उतरलेले ‘वेनेरा ७’ हे यान आठवावे). ग्रहाविषयीचे विशेषण ‘वेनेरियान्स्की’ आणि रोगाविषयीचे ‘वेनेरिचेस्की’. इंग्रजीतही ‘व्हेनीरियन’ अधूनमधून वापरले गेले, पण ते कानाला त्या रोगवाचक शब्दाच्या फारच जवळ वाटते.

प्रश्नकर्ता
मग आज प्रचलित असलेले ‘व्हीनुशियन’ व्याकरणदृष्ट्या अशुद्धच म्हणायचे का?

प्रतिसाद १
लॅटिनच्या नियमाने ते अशुद्धच आहे, कारण त्यात षष्ठीचे अंग सोडून प्रथमेच्या रूपालाच प्रत्यय जोडला आहे. तरीही वाचकाला त्यातून ग्रह चटकन ओळखता येतो, म्हणून तेच टिकले. ‘सायथेरियन’ आता क्वचितच दिसते; पुष्कळ लेखक तर विशेषण टाळून ग्रहाचे नावच नामापुढे ठेवतात.

प्रतिसाद ३
थोडे अवांतर: ‘व्हीनस’ आणि संस्कृत ‘वनस्’, म्हणजे कामना किंवा लावण्य, हे एकाच मूळ धातूचे मानले जातात. आपल्या ‘शुक्र’ शब्दाचा मूळ अर्थ मात्र तेजस्वी. त्याचाच दुसरा अर्थ वीर्य, आणि त्यावरून ‘शुक्राणू’. तरीही ‘शुक्राचे वातावरण’ लिहिताना मराठी लेखकाला कधी संकोच वाटल्याचे दिसत नाही.