अनुभव धागा: कास आणि चाळकेवाडीला गट नेताना

ऑगस्ट सरत आला की तेच प्रश्न सुरू होतात: कासला कधी जायचं, किती जणांनी, बघायचं काय? साताऱ्याजवळच्या या दोन्ही पठारांवर नेहमी गट नेणाऱ्यांनी इथे लिहा. 'मन प्रसन्न झालं' गृहीत धरलंय, कामाचं सांगा.

सह्यवेडी
ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा ढोबळ काळ. आधी गेंदाचे पांढरे ठिपके, मग तेरड्याचा गुलाबी-जांभळा गालिचा, सोनकीचा पिवळा त्यानंतर. पाऊस लांबला की सगळंच पुढे सरकतं, त्यामुळे महिनाभर आधी तारीख पक्की करणारे हमखास फसतात. शनिवार-रविवार टाळा, गर्दीच्या दिवशी गाड्या घाटाई फाट्यालाच थांबवून बसने वर नेतात. बुकिंग आधी ऑनलाइन करा, रोजच्या पर्यटकांच्या संख्येला मर्यादा असते.

जांभ्या
एका जाणकारामागे दहा-बारा जण, बस. वीसच्या रांगेत शेवटच्याला फक्त पुढच्याचे बूट दिसतात.

गालिच्यावरून नजर काढून वाटेच्या कडेला गुडघे टेका. जांभ्या दगडावर माती जेमतेम बोटभर, त्यातही नायट्रोजन फार कमी. म्हणून इथे कीटकभक्षी वनस्पती तग धरतात. 'दवबिंदू' नावाच्या वनस्पतीच्या पानावरचे लालसर केस टोकाला चिकट थेंब धरून असतात आणि किडा अडकला की हळूहळू त्याच्यावर वळतात. 'सीतेची आसवं' या दुसऱ्या वनस्पतीचं निळं-जांभळं फूल वर डोलतं, सापळे मात्र ओल्या मातीत लपलेले बारीक फुगे. वाटेबाहेर पाय पडला की फूल वाचलं तरी हे चिरडतात.

दहापटीचं भिंग न्या. बहुतेक जण ते फुलाजवळ धरून लांबून बघतात आणि 'धूसर दिसतंय' म्हणतात. भिंग डोळ्याला लावायचं आणि डोकंच खाली न्यायचं, फुलापासून साधारण अडीच सेंटिमीटरवर.

पानफूल
फोटोबद्दल. नुसत्या पाकळ्यांवरून ओळख पटत नाही, पिवळ्या फुलांची तर नाहीच. चार फोटो हवेत: फूल समोरून, फूल बाजूने (देठ आणि निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांखालचा पेला, दिसेल असं), पान, अख्खं झाड. आकार कळायला शेजारी नाणं ठेवा. 'कावळा' या फुलझाडाला (तेच ते 'मिकी माऊस') हात लावू नका, पानं मिटतात आणि पुढच्याचा फोटो जातो. तुतारीची लांब नळीची पांढरी फुलं संध्याकाळकडे उमलतात. दुपारीच परतणाऱ्यांना त्यांची मिटलेली रूपंच दिसतात.

ओलाचिंब
छत्री वाऱ्यात उलटते, रेनकोटच घ्या. शेवाळलेल्या कातळावर गुळगुळीत तळाचे बूट घसरतात, खाचा खोल हव्यात.

पानफूल
छोटी छत्री असू द्या हो! कडक उन्हात फुलावर सावली धरायला तिच्यासारखं काही नाही.

पवनचक्की
फुलांच्या हंगामात चाळकेवाडीला सरडे शोधणाऱ्यांसाठी: निळा-काळा-नारिंगी पंखा गळ्याखाली उघडणारा नर बघायचा तर एप्रिल-मेमध्ये या. 'सरडा सुपर्बा' ही प्रजाती 2016 मध्ये इथूनच नोंदली गेली. नर एखाद्या उंचवट्याच्या दगडावर चढून पंखा फडकवतो. गाडीतूनच बघा, उभा माणूस दिसला की तो दगडाखाली जातो, काच खाली केलेल्या गाडीकडे फारसं लक्ष देत नाही. गाडी रस्त्यावरच ठेवा. आणि दगड उलटू नका: त्याची बैठक मोडते, शिवाय खाली फुरसं असू शकतं.