मालक गावाला आणि खुराड्याची किल्ली आपल्याकडे: आपले अनुभव सांगा

मखमलाबादला आमच्या शेजारचे काका-काकू गेल्या ज्येष्ठात निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला पायी निघाले आणि जाताना नऊ कोंबड्या व एक कोंबडा माझ्यावर सोपवून गेले. दाणा किती, पाणी कधी, पावसात भिजलेले तूस कसे बदलायचे, हे सारे काकूंनी चिठ्ठीत लिहिले होते. मात्र खुराड्याची कडी नुसती सरकवून भागत नाही, दार थोडे उचलून ती दाबावी लागते, एवढेच लिहायचे राहिले. तिसऱ्या रात्री बोक्याने दार ढकलले आणि सकाळी आठच कोंबड्या बाहेर आल्या. वारीत चालणाऱ्या माणसाला हे आताच कळवावे की परतल्यावर, या विचारात मी दोन दिवस घालवले. अखेर फोन केला, तेव्हा काकू थोड्या वेळाने एवढेच म्हणाल्या, “कडीचं सांगायचं राहिलंच बघ.” रोजच्या हाताला जे सवयीचे असते ते चिठ्ठीत उतरत नाही. तुम्ही दुसऱ्याच्या कोंबड्या सांभाळल्या असतील, तर मालकाने न सांगितलेली कोणती गोष्ट तुम्हाला नडली, ते कृपया लिहावे.

गंगापूर रोडहून

मेहुण्यांच्या पाच कोंबड्यांपैकी एक अचानक टोपलीतून उठेना, दाण्याकडे येईना आणि हात पुढे केला की पिसे फुलवून चोच मारू लागली. मी शहरात वाढलेला असल्याने तिला आजार झाला असे समजून, पिशवीत घालून, रिक्षाने गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा आणि माझ्याकडे दोनदा पाहिले आणि ती खुडूक झाल्याचे, म्हणजे अंडी उबवायला बसल्याचे सांगितले. घरात कोंबडाच नसल्याने ती एकवीस दिवस बसली असती तरी पिल्लू निघणार नव्हते. त्यांच्या सांगण्यावरून तिला खाली तूस नसलेल्या, हवा खेळेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात दाणापाण्यासह ठेवले आणि चार दिवसांत ती ताळ्यावर आली. रिक्षाचे भाडे मेहुण्यांकडे मागण्याचे धाडस मात्र झाले नाही.

देवळालीहून

मे महिन्यात भांडे भरलेले असूनही कोंबड्या चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकत होत्या. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर घालवते, त्यामुळे एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास लागणारे पाणी उन्हाळ्यात दुप्पटही लागते. मी दुपारी भांडे भरत होते ते अंगणात उन्हात पडलेल्या नळीने, आणि तिच्यातून येणारे पहिले पाणी चहाला चालेल इतके गरम असे. मालकीणबाई ते आधी झाडांना सोडत आणि मग भांडे भरत, हे मला नंतर समजले. तेव्हापासून मी मातीचे पसरट भांडे आंब्याच्या सावलीत ठेवले आणि खुराड्याच्या पत्र्यावर ओले गोणपाट टाकले.

दिंडोरीहून

शेजारच्या बागेतले गळलेले द्राक्षमणी प्रेमाने गोळा करून घालू नयेत. बागेत फवारणी कधी झाली हे आधी विचारावे. मी विचारले नव्हते. मालकाने फोनवरच थांबवले, म्हणून निभावले.

इंदिरानगरहून

माझी बाजू मालकाची आहे. आम्ही कोकणात गेलो असताना आमची एक तांबूस कोंबडी दिवसाढवळ्या मुंगसाने नेली आणि सांभाळणाऱ्या मित्राने संकोचापोटी बाजारातून तशीच दुसरी आणून कळपात सोडली. त्याचा हेतू चांगला होता, पण कोंबड्यांमध्ये मोठी-धाकटी ठरलेली असते आणि परकी आली की सगळ्या मिळून तिला टोचतात. आम्ही परतलो तेव्हा तिच्या मानेवरची पिसे गेली होती. त्याहून मोठी धास्ती मानमोडीची, म्हणजे कोंबड्यांच्या जीवघेण्या साथीची होती, कारण बाजारातल्या कोंबडीला लस दिली आहे की नाही हे कोण सांगणार? नवी कोंबडी निदान दोन-तीन आठवडे वेगळी ठेवायची असते. आमच्या धाकटीने तिला पाहताक्षणी “ही आपली नाही” असे सांगितले, तेव्हा मित्राचा चेहरा पाहवेना. कोंबडी गेल्याचे मला वाईट वाटले, पण लपवल्याचा राग अधिक काळ राहिला. सुदैवाने आजार आला नाही आणि ती तांबडी आता घरचीच झाली आहे.

पंचवटीहून

दिवेलागणीला कोंबड्या आपणहून खुराड्यात शिरतात, आपण फक्त मोजून दार लावायचे, असे मला सांगितले होते. पहिल्याच संध्याकाळी सातच्या सहा भरल्या. टॉर्च घेऊन पाण्याच्या टाकीमागे, लाकडांच्या ढिगात आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवरही शोधले आणि रात्री दहाला, जड मनाने, रत्नागिरीला लग्नघरी असलेल्या ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “अगं, ती पेरूवर झोपते. अंधारात तिला दिसत नाही, हळूच उचल आणि आत ठेव.” मी वर टॉर्च मारला, तर ती माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर, मान अंगात घालून बसली होती.