अलिबागच्या दुकानात माहेश्वरी पाठवू का?

प्रश्न (रामबाग, इंदूर):
महेश्वरच्या विणकरांकडून साड्या-ओढण्या आणून मी घरूनच विकते. भाचीनं अलिबागला छोटं दुकान काढलंय. शनिवार-रविवारी मुंबईची बंगलेवाली गिऱ्हाइकं येतात, म्हणून ती म्हणते, "मावशी, पन्नास साड्या पाठव." माझा जीव जरीत अडकलाय. खाऱ्या हवेत काळी पडेल का?

उत्तर:
पडते, ताई. माझं माहेर रेवदंड्याचं. आईचा शालू मलमलीत गुंडाळलेला असायचा, तरी दोन पावसाळ्यांत काठ काळवंडला. बिनजरीचा, रेशमी काठाचा माल पाठवा. माहेश्वरीत उभा धागा रेशमी, आडवा सुती. दमट हवेत अंगाला बरी वाटते.

उत्तर (सुदामानगर):
पन्नास साड्या नकोच! २०२० पासून मुंबईतल्या भाऊच्या धक्क्याहून अलिबागजवळच्या मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट जाते, लोक गाडीसकट दोन दिवसांसाठी उतरतात. तिथे साडी कितीजणी नेसतील? ओढण्या, स्टोल जास्त पाठवा. आणि बुगडी काठ उलटसुलट करून दाखवायला भाचीला शिकवा. दोन्ही बाजूंनी वापरता येतो, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

प्रश्नकर्ती:
मग तीस ओढण्या, पाचच साड्या. विणकरदादांना आजच फोन करते.