बीडीडी चाळींचा अभ्यास: क्षेत्रफळाशिवाय काय विचारू?

मृण्मयी: आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय बीडीडी चाळींचा, म्हणजे मुंबईत ब्रिटिश काळात ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ने बांधलेल्या सरकारी चाळींचा, पुनर्विकास. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या फ्लॅटमध्ये गेलेल्या कुटुंबांशी बोलणार आहे. प्रश्नावलीत क्षेत्रफळ, उजेड-वारा, लिफ्ट आणि ‘गॅलरीतलं सहजीवन हरवलं का?’ हे घेतलंय. अजून काय विचारू?

नायगावच्या काकू: बाळा, आधी तो गॅलरीचा प्रश्न काढ. गॅलऱ्या गिरगावातल्या चाळींना. आमच्याकडे मधून लांब पॅसेज, दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, तळमजला धरून चार मजले. एका चाळीत ८० बिऱ्हाडं. मोरी खोलीत, संडास मजल्यावर सामाईक. पॅसेजमध्ये भर दुपारी दिवा लागतो.

लग्न होऊन आले तेव्हा खोलीत आम्ही आठ माणसं. सासरे आणि दीर गिरणीत, पाळ्या वेगवेगळ्या. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपला की आम्ही बायका तांदूळ निवडायला बाहेर बसायचो. रात्री मुलांची अंथरुणं पॅसेजमध्येच. तेव्हा घर किती फुटांचं हे विचारून तुला फार काही कळायचं नाही. कोण कुठल्या वेळी कुठे झोपतं, कुठे अभ्यास करतं, आजारी माणूस कुठे पडतो, ते विचार. २४ तासांचा तक्ता कर, खोली आणि पॅसेज दोन्हींचा. मग त्याच कुटुंबाचा फ्लॅटमधला तक्ता कर.

दुसरं जास्त महत्त्वाचं. खोली एकाच्या नावावर, म्हणून फ्लॅटही एकच. १६० फुटांत दोन भावांचे संसार मध्ये पडदा लावून झाले. नव्या घरात कोण राहिलं आणि कोण विरार-बदलापूरला गेलं? तो गेलेला भाऊ तुला टॉवरमध्ये भेटणारच नाही, कितीही दारं वाजव. राहिलेल्यांनाच विचारलंस तर सगळे सुखी दिसतील. मला याचीच फार काळजी वाटते.

परळकर: काकूंचं शंभर टक्के पटलं. एक भर घालतो. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. एकूण २०७ चाळींपैकी १२१ एकट्या वरळीत, त्यामुळे काम टप्प्याटप्प्यानेच होणार. जिथे चाळ अजून उभी आहे तिथला तक्ता आत्ताच करून ठेव, पाडल्यावर फक्त आठवणी हाती लागतात. शिवडीच्या १२ चाळी बंदराच्या जमिनीवर, त्या या योजनेबाहेर राहिल्या. तुलनेसाठी तिथेही जा. आणि घरखर्च महिन्याच्या महिन्याला विचार: लाइटबिल, देखभाल, आणि कमावणारं माणूस कोण. लिफ्ट बंद पडल्यावर वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं काय करतात, हेही.

मृण्मयी: गॅलरीचा प्रश्न काढला. पण काकू, बाहेर गेलेल्या भावांपर्यंत मी पोचू कशी? तुमच्या ओळखीतलेच भेटले तर नमुना एकांगी होईल.

नायगावच्या काकू: गावाच्या मंडळांकडे जा. आमच्याकडे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची पुष्कळ माणसं. कित्येक गावांचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ असतं आणि वर्गणीची वही असते. चाळ सोडली तरी भाऊ वर्गणी सोडत नाही, नवा पत्ता तिथे मिळतो. सेक्रेटरींना कॉलेजचं पत्र दाखव, आणि भावाला आधी फोन जाऊ दे, त्याने हो म्हटलं तरच तू जा. भावजयीशी वेगळं बोल. नवऱ्यासमोर ती वाटणीबद्दल अवाक्षर काढणार नाही.