म्हाताऱ्या आईबापाकडून शेवटचे कागद आधीच करून घ्यावेत का?

गोदाकाठचा:
मागच्या श्रावणात आमचे अण्णा गेले, वय 81. लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात 19 दिवस व्हेंटिलेटरवर होते. नळी उपसू नये म्हणून दोन्ही हात पलंगाच्या दांडीला पट्टीनं बांधलेले, आणि बोटं सारखी हलायची, तंबाखू मळल्यासारखी. धडधाकट होते तेव्हा दहादा म्हणले होते, मला नळ्या लावून ठेवू नका, घरी न्या. पण कागदावर काहीच नाही. मी म्हणायचो नेऊ, थोरला म्हणायचा लोक म्हणतील जमिनीची घाई झाली. डॉक्टर म्हणले तुम्ही तिघं भाऊ एक व्हा मग सांगा, आणि आम्ही शेवटपर्यंत एक झालोच नाही.

सुप्रीम कोर्टानं 9 मार्च 2018 ला लिव्हिंग विल मान्य केलंय, म्हणजे बरं होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीनं कोण बोलणार हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं. आधी मॅजिस्ट्रेटची सही लागायची, जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. माझं स्पष्ट मत आहे, साठी उलटली की हे आणि मृत्युपत्र दोन्ही करावं.

काळी_माती:
दादा, तुमच्यावर काय गुजरली ते कळतंय, पण मला हे पटत नाही. आमच्या गावात एका मामानं जमीन पोरांच्या नावावर करून दिली, आता मारुतीच्या पारावर बसून असतो, जेवायला बोलावलं तर जातो. कागद हातात आला की लेकरांची नजर बदलते. आणि हा नळीचा कागद तर त्याहून वाईट, रोजचं बिल वाढायलंय म्हणल्यावर कोणता पोरगा आधी कागद काढील ते तुम्हीच सांगा. बापानं लेकराला मोठं करताना कागद केला नव्हता.

दस्तलेखक:
रजिस्ट्री ऑफिससमोर 22 वर्षं बसतोय म्हणून सांगतो. त्या मामानं केलं ते बक्षीसपत्र असणार, त्यात मालकी तवाच जाते. मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं, तोवर सगळं म्हाताऱ्याच्याच हातात, दहा वेळा बदला, शेवटचं खरं. साध्या कागदावर होतं, स्टॅम्प ड्युटी नाही, रजिस्ट्री सक्तीची नाही (मी तरी करा म्हणतो), पण दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेतच, आणि ज्याला जमीन मिळणार त्यालाच साक्षीदार करू नका.

लिव्हिंग विल पोराच्या एकट्याच्या म्हणण्यावर चालत नाही. उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ असं पहिलं मंडळ बसतं, मग दुसरं मंडळ, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला. दोघांचं जुळलं तरच उपचार थांबतात, तेही मॅजिस्ट्रेटला कळवून.

काळी_माती:
आमच्या तालुक्याला रात्री एक फिजिशियन सापडत नाही, पेशंटला ॲम्ब्युलन्समधून नांदेडला पळवावं लागतं, तिथं दोन-दोन मंडळं कुठून आणता? ज्याच्याकडं पैसा त्याच्यासाठी आहे हे.

माहेरवाशीण_परभणी:
मी दोघांच्याही विरोधात बोलणार आहे. लेकीला वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात 1994 ला आला, देशभर 2005 ला. तेव्हापासून आमच्यासारख्या घरांत मृत्युपत्र कशासाठी होतं ते बघा. नाना 78 वर्षांचे, कानानं कमी, भाऊ त्यांना जीपमध्ये घालून घेऊन गेले. संध्याकाळी आई धोतर धुवायला बसली तर काठाला जांभळी शाई लागलेली. विचारलं तर नाना म्हणले बँकेचं काम होतं. त्यांना खरंच तसंच सांगितलं होतं. नाना गेल्यावर तेराव्याला तो कागद बाहेर निघाला, आम्हा दोघी बहिणींचं त्यात नाव सुद्धा नाही. लिहून ठेवा लिहून ठेवा म्हणता, पण लिहिताना तिथं कोण बसलंय?

दस्तलेखक:
ताई, वडिलोपार्जित जमिनीत नानांना फक्त स्वतःच्या हिश्श्याचं मृत्युपत्र करता येतं, तुमचा हिस्सा ते दुसऱ्याला देऊच शकत नाहीत. जुने फेरफार काढा, जमीन आजोबाची का नानांनी घेतलेली ते आधी बघा. आणि न सांगता अंगठा घेतला असंल तर त्या कागदाला कोर्टात आव्हान देता येतं.

माहेरवाशीण_परभणी:
येतं. पण मग माहेर राहत नाही.

गोदाकाठचा:
ताईंचं वाचून गप्प झालो. आमच्या बी दोन बहिणी आहेत, आणि वर मी तिघं भाऊ तिघं भाऊ असंच लिहिलंय. दवाखान्यात त्या बाहेर बाकड्यावर बसलेल्या असायच्या, डॉक्टरनं त्यांना आत बोलावलं नाही आणि आम्ही पण नाही. आता आईचं करायचंय, ती 74 ची आहे. दिवाळीला पाची जण असतील तवा तिच्या तोंडून ऐकायचं, लिहायचं आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं.

काळी_माती:
जमिनीचा कागद मी बाबांपुढं ठेवणार नाही, ते मनाला लागू देतील. पण हात बांधल्याचं वाचून काल रात्री झोप नाही आली. नळीचं तेवढं विचारतो, सोयाबीन निघाल्यावर.

माहेरवाशीण_परभणी:
तुमच्या आईलाबी विचारा. आमची आई गेली तेव्हा तिला काय हवं होतं ते घरात कुणालाच सांगता आलं नाही.